कोठी भरलेली आहे

सुनेच्या तोंडाला काही धरबंधच राहिला नव्हता. सकाळी चहाचा घोट घशाखाली गेला न गेला की फोन कानाला, आणि फोनवर काय, तर आमच्याकडे हे नाही, आमच्याकडे ते नाही. झाकणं संपली, व्हिनेगर तळाला गेलं, गॅसचं काही खरं नाही. ज्याला फोन लावला त्याला ती हे सांगायची. ज्याला नाही लावला त्याला त्याचा शेजारी सांगायचा. चोरी झालेल्या घरानंसुद्धा एवढा बोभाटा केला नसता.

मोठ्या बाई टोमॅटो निवडायच्या टेबलापाशी, सुनेकडे पाठ करून बसल्या होत्या. पाठीलाही कान असतात. हातातला नासका टोमॅटो त्यांनी बादलीत टाकला, तो जरा जोरातच पडला.

"ऐकतेयस ना?" त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या. ही बाई त्यांच्याकडे जुनी कामाला. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणायचे. "आपल्या घरात आज काय काय नाही, त्याच्या बातम्या चालल्यात. हे तुझं काम होतं ना गं?"

"होतं की," रेडिओ म्हणाली. "धाकट्या बाई तेच काम फुकटात करतात, मग मला कोण विचारतंय?"

मोठ्या बाईंना हसू आलं असतं, पण हसायचंही जिवावर आलं होतं. गुडघे रात्रभर ठणकत होते. खांदा तर त्या नसल्यासारखाच वागवत होत्या.

घरामागच्या लांबट पत्र्याच्या खोलीत त्यांचा सॉसचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा आपला मोठेपणानं. एका भिंतीला शेगड्या, त्यावर माणूस बसेल एवढाली पातेली, मधे टेबल, दुसऱ्या भिंतीला बाटल्यांच्या फळ्या, आणि टोकाला कोठीचं दार. सगळं टोमॅटोच्या वासानं माखलेलं. नवरा गेल्यावर बाईंनी घरातल्या एका पातेल्यावर हे सुरू केलं आणि आज कोपऱ्यावरच्या दुकानापासून कचेऱ्यांच्या उपाहारगृहांपर्यंत त्यांचा सॉस जात होता. शाळेचं त्यांनी फक्त दार पाहिलेलं. सही करता यायची आणि बाटलीवरचं आपलं लेबल वाचता यायचं, तेवढ्यावर त्यांचं कधी अडलं नव्हतं. सॉस झाला की नाही हे त्या बशीवर थेंब टाकून बघायच्या. थेंबाभोवती पाण्याचं कडं सुटलं तर नाही झाला, नाही सुटलं तर झाला. बाटली नीट बंद झाली का हे झाकणावर चमचा वाजवून ऐकायच्या. खणखणीत वाजलं तर बरोबर, बद्द वाजलं तर बाटली परत पातेल्यात.

आता वाजवायला झाकणंच नव्हती.

घाटात डोंगर खाली येऊन रस्त्यावर बसला होता. शहरातून येणारं सगळं त्या डोंगरापलीकडे अडकलं आणि इथून जाणारं सगळं अलीकडे. आधी लोक म्हणाले, चार दिवसांत काढतील. मग म्हणाले, महिन्यात. मग त्यावर बोलायचंच बंद झाले. टोमॅटो मात्र अलीकडे पिकायचे. शहराकडे जाता येईना, तेव्हा आसपासचे सगळे बागवाले बाईंच्या दारात येऊन टेकले. बाईंनी शब्द दिला होता की जेवढा येईल तेवढा घेईन. त्यांच्या शब्दावर लोकांनी टोमॅटोचे क्रेट अंगणात भिंतीसारखे रचले होते. वरचे लाल होते, खालचे मऊ पडायला लागले होते.

बाटल्यांचं एक बरं असतं, त्या फिरून परत येतात. दुकानदार रिकाम्या बाटल्या परत द्यायचे, बायका उकळत्या पाण्यातून काढायच्या, पुन्हा भरायच्या. झाकणाचं तसं नाही. एकदा उघडलं की आतली रबराची कडी चेपते, मग त्यातून वारा आत जातो, आणि वारा गेला की सॉस फसफसतो. झाकण नवंच लागतं, आणि ते शहरातल्या एकाच व्यापाऱ्याकडून यायचं. बाईंनी आयुष्यभर टोमॅटोची चिंता केली, गॅसची केली, माणसांची केली. नखाएवढ्या जाडीच्या पत्र्यावर आपला सगळा डोलारा उभा आहे, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आणि शेगड्या एकदा थंड पडल्या तर पडल्या. बागवाले दुसरीकडे जातील, कामाच्या बायका दुसरीकडे जातील. जावंच लागेल, पोट कुणाला थांबतं? मग रस्ता मोकळा झाल्यावर पुन्हा एका पातेल्यापासून सुरुवात. ती करायची ताकद आता आपल्या अंगात नाही, हे बाईंना ठाऊक होतं. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

त्यांनी आपल्या परीनं उपाय केला होता. पूर्वी झाकणं नव्हती तेव्हा लोक काय उपाशी राहायचे, असं म्हणून त्यांनी बाटल्यांच्या तोंडाला कापड बांधून वरून मेण ओतवलं. दोन दिवस बाटल्या शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी फळीवरच्या बाटल्या एकामागून एक थुंकायला लागल्या. भिंतीवर, छतावर, रेडिओच्या अंगावर. रेडिओ त्या दिवशी पहिल्यांदा काही वेळ गप्प होती.

"आता फोन ठेव," बाई सुनेला म्हणाल्या.

"झालंच, आई." सुनेनं पलीकडच्या माणसाला सांगून फोन ठेवला. ती उंच, जरा वाकून चालणारी मुलगी. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला सगळं मोजून मापून, विचारून करायची खोड. "बिस्किटवाल्यांकडे व्हिनेगर नाही, पण त्यांच्या मेहुण्याकडे आहे. मी सांगितलं, आपल्याला लागेल."

"आणि त्यानं विचारलं असेल, का लागेल? तुमच्याकडे नाही का?"

"विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"नाही म्हणून सांगितलं. नाहीच आहे."

"नाहीच आहे," बाईंनी तिच्या सुरात म्हटलं. "बये, नसतं ते सगळ्यांच्याच घरात असतं. ते अंगणात वाळत घालत नाहीत. माझ्या सासूबाई घरात दाणा नसला तरी चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवायच्या, शेजारणीला धूर दिसायला हवा म्हणून. कोठीत काय आहे ते कोठीला आणि आपल्याला. एकदा लोकांना कळलं की ही बाई रिकामी आहे, की बागवाला उधार देत नाही, दुकानदार भाव पाडतो आणि कामाची बाई दुसरं घर बघते."

"आई, बागवाले उधार द्यायला तयार आहेत. त्यांचं नासतंय. झाकणं मिळाली तर सगळ्यांचंच निभेल."

"मिळतील. तो झाकणवाला काय मेलाय? माझा जुना माणूस आहे. रस्ता जरा हलला की पहिली गोण मला पाठवेल."

सुनेनं पाटी ओढून टोमॅटो चिरायला घेतले. ती उलट बोलली नाही की बाईंना जास्त राग यायचा.

दुपारी बाईंचा मुलगा टेम्पो घेऊन आला. तोही रिकामाच. गरीब स्वभावाचा, आई आणि बायको यांच्यामधे उभं राहायचा इतका सराव झालेला की दारातसुद्धा मधोमध उभा राहायचा. तो हात धूत होता तोवर फोन वाजला. सुनेचे हात टोमॅटोच्या रसात होते, तिनं कोपरानं बटण दाबून आवाज मोठा केला. झाकणवाला होता.

"धाकट्या बाई, तुमचा निरोप मिळाला. मी जरा चक्रावलो हो. झाकणं संपली म्हणता?"

"संपलीच. तुमच्याकडून काही येईल का?"

"आता कुठून येणार? मागच्या आठवड्यात एकाला डोंगरावरच्या पायवाटेनं खेचरांवर माल घालून पाठवला ना मी. सगळ्यांना फोन करून आधी विचारलं, कुणाला किती निकड आहे. तुमच्याकडेही केला होता." तो जरा थांबला. "मोठ्या बाईंनी उचलला. म्हणाल्या, आमची कोठी भरलेली आहे, आम्ही काय तुमच्या झाकणांवर जगत नाही. म्हटलं बरं झालं, एक तरी गिऱ्हाईक सुखात आहे. सगळा माल सरबतवाल्यांना दिला. ते अगदी रडकुंडीला आले होते."

पातेल्यात सॉस बुडबुडत होता. सुनेनं "बरं, बघते" म्हणून फोन बंद केला आणि पुन्हा टोमॅटोत हात घातले. मुलगा टॉवेल हातात धरून उभा राहिला.

"आई," तो म्हणाला, "असं का सांगितलंस गं त्याला?"

"मग काय सांगू? भीक घाल म्हणून?"

"तो विकत देत होता. भीक कुठली त्यात?"

"तू गप्प बस. टेम्पो धू."

"धुतलाय."

"मग परत धू."

तो गेला. बाई बसल्या होत्या तिथेच बसून राहिल्या. त्यांना तो फोन नीट आठवत होता. आठवत नसता तर बरं झालं असतं. पातेलं उतरवत होत्या, हाताला चटका बसला होता, तेवढ्यात याचा फोन. आणि त्याचा तो कीव केल्यासारखा आवाज, 'कसं काय चाललंय बाई तुमचं?' आयुष्यभर जे तोंडून निघत आलं तेच निघालं. विचार करून बोलावं लागतं तेव्हा माणूस चुकतो. हे तर विचार न करताच आलं होतं, श्वासासारखं. सून हातातला टोमॅटो चिरत होती, देठ काढत होती, पुढचा घेत होती. तिनं काहीतरी बोलावं, म्हणजे आपल्याला भांडता येईल, असं बाईंना वाटत होतं.

शेवटी सूनच बोलली, पण भलतंच. "मी सरबतवाल्यांशी बोललेय, आई. सकाळीच."

"त्याच्याशी?"

सरबतवाला म्हणजे मागच्या गल्लीतला. बाईंच्या नवऱ्याच्या वेळेपासून दोन्ही घरांचं वाकडं. कुणाच्या तरी लग्नात तो पंगतीत म्हणाला होता की बाईंचा सॉस चांगला, फक्त तो प्यायला पेला द्यायला हवा. पंगत हसली होती. तेव्हापासून बाई त्याच्या दारावरून जायच्या तेव्हा पदर सावरून, नाक वर करून जायच्या.

"त्यांची फळं डोंगरापलीकडनं येतात," सून सांगत होती. "पायवाटेनं फळंही येतील या आशेवर त्यांनी झाकणं मागून घेतली, पण फळंच आली नाहीत. नुसती झाकणं घेऊन काय करणार? त्यांच्याकडे झाकणांची थप्पी, तीही आपल्याच बाटलीच्या मापाची, आणि आपल्याकडे टोमॅटोची. त्यांची माणसं हातावर हात धरून बसलीत. ते म्हणतात, झाकणं देतो, माणसं देतो, सॉस दोघांनी मिळून विकू."

"एवढा उदार कधीपासून झाला तो?"

"अट आहे त्यांची." सुनेनं पहिल्यांदा हात थांबवले. "म्हणाले, तुमच्या सासूबाईंची कोठी भरलेली असते हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. माझी झाकणं घेऊन त्या साठवून ठेवतील आणि मला टांग देतील. कोठी डोळ्यांनी बघू द्या, मग बोलू."

बाई उठल्या. गुडघा कटकन वाजला. त्या शेगडीपाशी गेल्या, थेंब बशीवर टाकला, बशी तिरकी केली. कडं सुटलं नाही. सॉस झाला होता. बाटल्या बंद कशानं करायच्या, तेवढं राहिलं होतं. अंगणातून मऊ पडलेल्या टोमॅटोचा आंबूस वास आत येत होता, आणि दारात एका बागेची मालकीण नवे क्रेट उतरवून, बाईंच्या शब्दावर, काही न विचारता निघाली होती.

"बोलाव त्याला," बाई म्हणाल्या.

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढू?"

सरबतवाला आला तो पायातल्या चपला बाहेर काढून, सभ्यपणे. बाईंनी त्याला इतक्या जवळून बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याचे गाल बसले होते आणि शर्ट खांद्यावरून ओघळल्यासारखा दिसत होता. बाईंनी कमरेची किल्ली काढली. ही किल्ली त्यांनी पोटच्या मुलालासुद्धा कधी दिली नव्हती. दार उघडलं आणि त्या बाजूला झाल्या. वाटलं होतं तसं काही झालं नाही. जमीन दुभंगली नाही. एक म्हातारा माणूस दारात उभा राहून रिकाम्या फळ्यांकडे, दुमडलेल्या गोण्यांकडे आणि कोपऱ्यात पालथ्या घातलेल्या कॅनकडे बघत होता.

त्यानं जवळच्या फळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मोठ्या बाई, हे कधीपासून?"

"तुम्हाला काय करायचंय कधीपासून? बघायचं होतं ते बघितलंत."

"तसं नाही." तो दाराच्या चौकटीला टेकला. "मी सरबतवाला आहे. माझ्या दुकानात रोज सकाळी मी माणसांना नुसती यंत्रं चालू ठेवायला लावतो. आत पाणी फिरतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, जोरात चाललंय. परवा बायको म्हणाली, विजेचं बिल तरी कमी करा. तर मी तिच्यावर ओरडलो."

रेडिओनं तोंडावर पदर घेतला. तिला हसू आवरत नव्हतं. बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की ते तिथंच विरलं. पण त्यांच्या स्वतःच्या ओठाचं एक टोक जरा हललंच.

"पाणी फिरवता?" त्या म्हणाल्या. "आणि माझ्या सॉसला पेला मागता?"

"ते मी बोललो होतो का?"

"बोलला होतात. सगळी पंगत हसली होती."

"असेन. तेव्हा माझ्याकडे फळं होती." त्यानं हात जोडल्यासारखं केलं, पण पुरते जोडले नाहीत. "झाकणं संध्याकाळी आणून देतो. मात्र एक आहे, त्यांच्यावर संत्र्याचं चित्र छापलेलंय."

बाईंनी डोळे मिटले. त्यांच्या सॉसच्या बाटलीवर संत्रं. दुकानादुकानांत, फळीफळीवर, बाईंचं लेबल खाली आणि डोक्यावर त्या माणसाचं संत्रं. लोक विचारतील. लोक हसतील. बाई बिचाऱ्या त्याच्या झाकणावर आल्या म्हणतील, आणि ते खोटंही नसेल.

"आणा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी खोलीत दुप्पट माणसं झाली. सरबतवाल्याची माणसं आधी अंग चोरत होती, मग रेडिओनं त्यांना टोमॅटोच्या रसात असं बुडवलं की कोण कुणाचं ते ओळखू येईना. सून दारापाशी उभी राहून बोलत होती. बिस्किटवाला, मुरांबेवाली, पावाच्या भट्टीवाला, सगळ्यांशी तिचं आधीच बोलणं झालेलं होतं, हे बाईंना आता कळत होतं. रोज सकाळी प्रत्येकानं आपल्याकडे काय आहे आणि काय नाही हे खरं खरं सांगायचं. ज्याचा टेम्पो रिकामा त्यानं दुसऱ्याचा माल न्यायचा. नव्या बाटल्या घ्यायच्या त्या सगळ्यांनी एकाच तोंडाच्या घ्यायच्या, म्हणजे कुणाचंही झाकण कुणालाही बसेल. आणि झाकणं एकाकडूनच नाही, डोंगराच्या दोन्ही बाजूंनी मागवायची. बाईंना त्यातलं थोडंसंच कळलं आणि जेवढं कळलं तेवढं पटलं. पटलं याचाच त्यांना शीण आला. इतकं साधं होतं, आणि आपण इतकी वर्षं एकटीनं उरावर घेऊन बसलो.

गरम सॉस बाटल्यांत पडत होता. झाकणं बसत होती. बाई स्टुलावर बसून एकेका संत्र्यावर चमचा वाजवत होत्या. खणखणीत. खणखणीत. एक बद्द वाजलं, ती बाटली त्यांनी न बोलता मागे सरकवली. खांद्यातून कळा येत होत्या. अंगणातली क्रेटची भिंत पहिल्यांदा जरा खुजी दिसत होती. मुलगा बाटल्या टेम्पोत चढवत होता आणि उगाचच शीळ घालत होता.

काम आवरून माणसं पांगली. सून टेबल पुसत होती. तिच्या खिशात फोन वाजला, तिनं काढला, बाईंकडे बघितलं आणि न उचलता परत ठेवायला लागली.

"इकडे ये," बाई म्हणाल्या.

ती आली. समोर उभी राहिली. फोन अजून वाजत होता.

"माझ्या मागे सगळीकडे सांगत फिरलीस. मला एका शब्दानं विचारलं नाहीस. ते मी विसरणार नाही, आणि तूही विसरू नकोस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा टोचत नव्हता, नुसता थकलेला होता. "पण विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं आणि आज शेगड्या विझल्या असत्या. हेही मला कळतं, मी काय खुळी नाही. मला माझ्या सासूनं रिकामी कोठी झाकायला शिकवलं. ती भरायची कशी हे कुणी शिकवलं नाही, मला वाटलं दोन्ही एकच. तुझं वळण मला आवडत नाही. आवडणारही नाही. पण घर तुझ्या वळणानं चालेल, माझ्या नाही. आजपासून फोन तू उचलायचा. विचारेल त्याला खरं सांगायचं. फक्त मी खोलीत असेन तेव्हा जरा बाहेर जाऊन सांग. मला अजून ते ऐकवत नाही."